नाव आतल्या झाकणावर असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रशियन राजघराण्याशी संबंधित जुन्या घड्याळांवर अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. 'झारचे सोन्याचे घड्याळ' असे शीर्षक, वरच्या झाकणावर दोन तोंडांचा गरुड, म्हणजे झारचे राजचिन्ह, असलेले मोठे छायाचित्र आणि खाली किमतीचा आकडा. मी तो मजकूर दोनदा वाचला. सांगलीत गणपती पेठेत ४२ वर्षे घड्याळे दुरुस्त करण्यात गेली. आता डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे दुकान बंद आहे, तरी घड्याळाविषयी काही छापून आले की चष्म्यावर भिंग धरून वाचतोच. मजकुरातली एक गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून हे पत्र. लांबले तर सांभाळून घ्यावे.

ते घड्याळ झारचे नव्हे. झारच्या नावाने दुसऱ्या कोणाला तरी दिलेले आहे, आणि तो दुसरा माणूस तुमच्या मजकुरात कुठेच नाही.

रशियात ही घड्याळे देण्याची एक पद्धत होती. दरबार मंत्रालयाच्या हाताखाली 'महाराजांचे काबिनेत' नावाचे एक कार्यालय असे. राजाची खासगी मालमत्ता, खाणी, जमिनी, जडजवाहीर यांचा कारभार तिथून चाले, आणि बक्षिसांच्या वस्तूंचा साठाही तिथेच राही. कोणाला काय द्यायचे ते त्याच्या हुद्द्यावर ठरे. राजाचे हिरेजडित चित्र बसवलेली तपकिरीची डबी सर्वांत वरची, मग राजाची नाममुद्रा असलेली डबी, मग अंगठ्या. त्याखाली घड्याळे, पिना, बाह्यांची बटणे. गायक, वादक, अभियंते, डॉक्टर, राजाचा मुक्काम पडला त्या गावचा अधिकारी, आगगाडीवरची माणसे, संकटात सापडलेल्या रशियन खलाशांना वाचवणारे परदेशी जहाजांचे कप्तान अशांच्या वाट्याला घड्याळ येई. पुष्कळ घड्याळे झारच्या हाताला लागलीसुद्धा नसतील. कारकुनाने वहीत नोंद केली, पेटी बांधली आणि पाठवून दिली. म्हणून त्यांचे मोल कमी होते असे मी म्हणत नाही. पेटी घरी पोचली त्या दिवशी त्या घरात काय झाले असेल याची कल्पना कोणीही करू शकेल.

आणखी एक माहिती आपल्या वाचकांना नवी वाटेल. मिळालेली वस्तू नको असेल तर ती काबिनेतला परत देऊन तिची किंमत रोख घेता येत असे. तपकिरीच्या डब्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा घडले. एकच डबी परत येऊन पुन्हा दुसऱ्याला दिली गेल्याच्या नोंदी आहेत. पगारावर घर चालवणाऱ्याला हिरेजडित डबीचा काय उपयोग? शाल्यापिन या थोर गायकाची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याला काबिनेतकडून सोन्याचे घड्याळ आले. ते त्याला रशियाच्या राजाच्या मोठेपणाला साजेसे वाटले नाही, म्हणून त्याने शाही नाट्यगृहांचे संचालक तेल्याकोव्स्की यांच्यामार्फत परत पाठवले, आणि त्याच्याकडे दुसरे, अधिक चांगले घड्याळ आले. असे धाडस करायला शाल्यापिनचाच आवाज हवा.

ही घड्याळे पुरवणाऱ्या पेढ्यांत पावेल बुरे हे नाव सर्वांत मोठे. रेव्हाल म्हणजे आजच्या टॅलिनहून आलेल्या कार्ल बुरे यांनी १८१५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये हा धंदा सुरू केला. पुढे नेव्हस्की प्रॉस्पेक्ट या तिथल्या हमरस्त्यावर दुकान आणि स्वित्झर्लंडमध्ये ल लॉकल या गावी कारखाना झाला. दुसरे मोठे नाव हाइन्रिख मोझर. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या घड्याळजीचा हा मुलगा १८२७ मध्ये पीटर्सबर्गला गेला आणि १८२८ मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली. श्रीमंत होऊन गावी परतल्यावर त्याने ऱ्हाइन नदीवर बंधारा बांधून गावातल्या कारखान्यांना शक्ती पुरवली. ते वर्ष १८६६. घड्याळजीच्या मुलाने नदी अडवली, ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या पोरांना नेहमी सांगत असे. झारचा जवाहिऱ्या फॅबर्जे याने बनवलेल्या, टेबलावर ठेवायच्या अनेक घड्याळांत मशीन मोझरचेच असते. म्हणजे झाकणावर गरुड रशियाचा आणि पोटात कारागिरी स्विस डोंगरातल्या माणसांची.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. असे एक घड्याळ माझ्या हाताखालून गेले आहे. सोन्याचे नव्हे, चांदीचे. पावेल बुरेचे, पाठीवर रशियन अक्षरांत 'उत्तम नेमबाजीबद्दल' असे कोरलेले. झारच्या सैन्यात चांगल्या नेमबाजांना बक्षीस म्हणून अशी घड्याळे देत. ते आणणारे गृहस्थ सांगलीतले निवृत्त अभियंता. तरुणपणी कारखान्याकडून प्रशिक्षणासाठी लेनिनग्राडला गेले होते. तिथे रशियन शिकवणाऱ्या बाईंचा त्यांच्यावर जीव जडला होता. बाईंना मूलबाळ नव्हते. निघताना त्यांनी हे घड्याळ हातावर ठेवले. त्यांच्या आजोबांचे. सोबत एक चिठ्ठी, तिच्यात आजोबांचे नाव, पलटण आणि बक्षीस मिळाले ते वर्ष.

दर दोन-तीन वर्षांनी ते घड्याळ साफसफाईला माझ्याकडे येई. मशीन साधेच, पण काय स्वच्छ काम! चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे पुलांच्या, कडा हाताने मारलेल्या, स्क्रूंची डोकी निळी केलेली, मागचे झाकण मिटताना एकच हलका टक् आवाज. तेल घालून चावी दिली की बॅलन्सचे चाक असे डोलू लागे की हातातले काम ठेवून बघत बसावे. गृहस्थ प्रत्येक वेळी समोरच्या स्टुलावर बसून चिठ्ठी काढत आणि आधी रशियनमध्ये, मग मराठीत वाचून दाखवत. मी मान हलवत असे. ते नाव मी निदान सहा-सात वेळा ऐकले असेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली. त्यांच्या तळमजल्यावर तीन दिवस पाणी होते. गाळातून कपाट उपसल्यावर पेटी सापडली आणि ते थेट माझ्याकडे आले. मी घड्याळ पूर्ण उलगडले. पोलादी भागांना गंज धरला होता. डायलच्या इनॅमलला काहीही झाले नव्हते. मेनस्प्रिंग बदलली, हेअरस्प्रिंग वाचली. दोन महिन्यांनी घड्याळ चालू झाले. चिठ्ठीचा मात्र लगदा झाला होता. त्यांनी तो लगदाच रुमालात बांधून आणला होता, 'यातून काही वाचता येतं का बघा' म्हणून.

मी माझी जुनी कामाची वही काढली. सगळ्या नोंदी सापडल्या: 'रशियन पॉकेट, चांदी, साफ, तेल.' 'रशियन पॉकेट, काच बदलली.' तारखा होत्या, पैसे होते. त्या सैनिकाचे नाव एकदाही लिहिलेले नव्हते. गृहस्थांनाही ऐनवेळी पूर्ण नाव आठवेना, एकदा एक सांगत, एकदा दुसरे. पुढच्या वर्षी ते गेले. घड्याळ आता त्यांच्या मुलीकडे आहे, वेळ बरोबर दाखवते, आणि ते कोणाला मिळाले होते ते या जगात कोणालाही सांगता येत नाही.

संपादक महाशय, तुमच्या मजकुरात मला माझ्याच वहीतली नोंद दिसली. वस्तू आहे, धातू आहे, पैसे आहेत, माणूस नाही.

दोन झाकणांच्या अशा घड्याळांना मागच्या झाकणाच्या आत आणखी एक पातळ झाकण असते, धूळ अडवणारे. पेढीचे नाव, 'दरबाराचे पुरवठादार' ही अक्षरे, मिळालेली पदके तिथे असतात. आणि ज्याला बक्षीस मिळाले त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी पुष्कळदा नाव, तारीख, कारण हेही तिथेच नाहीतर मागच्या झाकणाच्या आतल्या अंगाला कोरून घेतलेले असते. लिलावाच्या छायाचित्रात बाहेरचा गरुड दिसतो. खरा मजकूर नखाने दोन झाकणे उघडल्यावर लागतो.

खोट्या मालासाठीही आतच बघावे लागते. गेल्या ३०-३५ वर्षांत साध्या बुरे घड्याळांवर नवे गरुड चिकटवून 'शाही' म्हणून विकण्याचा धंदा फोफावला आहे. हात लावण्याआधी डोळ्यांनी कळावे अशा काही खुणा सांगतो, सराफांच्याही उपयोगी पडतील. जुन्या रशियात सोन्याचा कस ९६ भागांत मोजत. सोन्यावर ५६ चा आकडा असला तर ९६ पैकी ५६ भाग सोने, म्हणजे आपले १४ कॅरेट. चांदीवर ८४ असते, म्हणजे हजारात ८७५. आपल्याकडे तोळ्याच्या ९६ गुंजा होतात, त्यामुळे जुन्या सराफाला हा हिशेब पाटीशिवाय समजतो. आकड्याशेजारी मुकुटासारखे शिरोभूषण घातलेल्या बाईचे डोके असते. १८९९ पासून १९०८ पर्यंत ते डावीकडे बघते, नंतर उजवीकडे. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचे कवच, स्वित्झर्लंडहून आली असेल तर १४ कॅरेटला खार आणि ८७५ च्या चांदीला अस्वल असा स्विस छापही दिसतो. केसवरचा क्रमांक झाकणांवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. गरुड शंभर वर्षांपूर्वीचा असेल तर त्याच्या पंखांची टोकेही झाकणाइतकीच झिजलेली असतात. झाकण गुळगुळीत आणि पंख मात्र धारदार असले, तर मी तरी दुकानाबाहेर पडेन.

सर्वांत सोपी खूण लिपीची. १९१८ मध्ये रशियन लेखनपद्धती बदलली. तोवर व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांच्या शेवटी एक न उच्चारायचे अक्षर लिहीत, ते गेले. 'यात' नावाचे जुने अक्षरही गेले. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तसेच. एखाद्या पत्रावर १९३० ची तारीख असेल आणि सगळे लेखन आजच्या नियमांप्रमाणे असेल, तर आपल्याला शंका येतेच ना? त्याचप्रमाणे १९०५ चे म्हणून दाखवलेल्या घड्याळावर 'पावेल' च्या शेवटी ते मुके अक्षर नसेल, तर कोरणारा १९१८ नंतरचा. हे मला त्या अभियंत्यांनी शिकवले. त्यांच्या घड्याळावरच्या 'नेमबाजी' या शब्दात ते जुने 'यात' अक्षर होते, आणि ते दाखवताना त्यांचा चेहरा फुले.

१९१७ च्या क्रांतीत राजवट उलटल्यावर या घड्याळांचे हाल झाले. झारचा गरुड घरात असणे धोक्याचे झाले. कोणी लपवून ठेवले, कोणी गरुड उखडला, कोणी सोने वितळवून भाकरी घेतली. पेढ्या सरकारजमा झाल्या. आणि पुढे लाल सैन्याच्या शूर सैनिकांना जी बक्षिसाची घड्याळे दिली, त्यांच्या पोटात पुष्कळदा मोझर आणि बुरे यांचीच मशीने होती. झाकणावर आता 'कामगार-शेतकऱ्यांच्या लाल सैन्यातील प्रामाणिक योद्ध्यास' अशी अक्षरे. राजा गेला, झाकणावरचा मजकूर बदलला, तरी चांगले काम करणाऱ्याच्या हातावर घड्याळ ठेवायची रीत गेली नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. घड्याळ म्हणजे बक्षीस घेणाऱ्याच्या उरलेल्या दिवसांची सोबत. डबी कपाटात राहते, घड्याळ रोज खिशातून निघते.

वितळवण्यावरून एक खरी घटना सांगतो. ती आपल्या वर्तमानपत्राच्या व्यवसायाशी संबंधित आहे, म्हणून जरा सविस्तर.

१८८७ च्या ईस्टरला झार तिसऱ्या अलेक्झांडरने राणी मारिया फ्योदोरोव्हना हिला फॅबर्जेने बनवलेले सोन्याचे एक अंडे दिले. उंची ८.२ सेंटीमीटर, सिंहाच्या पंजांच्या तिवईवर उभे. उघडले की आत वाशेरॉन कॉन्स्टंटिनचे स्त्रियांचे छोटे घड्याळ. क्रांतीनंतर ते हातोहात गेले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अंड्याच्या आकाराच्या केसमधले सोन्याचे घड्याळ एवढ्याच वर्णनावर २,४५० डॉलरला विकले गेले. फॅबर्जेचे नाव नाही, राणीचे नाव नाही. अनेक वर्षांनी अमेरिकेतल्या एका मोड खरेदी करणाऱ्याने बाजारात ते सुमारे १४,००० डॉलरला घेतले, वितळवून वर चार पैसे सुटतील या हिशेबाने. त्याचा अंदाज चुकला. सोन्याच्या वजनाला कोणी तेवढे देईना. प्रत्येक जण कस बघून परत देई, त्याचे ओरखडे अजून त्याच्यावर आहेत. भाव जुळला असता तर मुशीत जाऊन सगळे संपले असते.

२०१२ मध्ये त्या माणसाने इंटरनेटवर 'अंडे' हा शब्द आणि डायलवरचे कंपनीचे नाव टाकून शोध घेतला. त्याच्यासमोर आला तो लंडनच्या एका वर्तमानपत्रातला २०११ चा लेख. संशोधकांना १९६४ ची लिलावाची यादी सापडली होती, आणि हरवलेले शाही अंडे कोणाच्या तरी घरात पडलेले असेल असे त्या लेखात छायाचित्रासह लिहिले होते. तो माणूस लंडनला गेला, वार्ट्स्की या पेढीच्या तज्ज्ञांना छायाचित्रे दाखवली. २०१४ मध्ये ते अंडे चार दिवस लोकांना बघायला ठेवले होते. किमतीचा अंदाज सुमारे दोन कोटी पौंड.

हे अंडे कोणी वाचवले? एका वर्तमानपत्राने. त्या लेखात नुसते 'झारचे मौल्यवान अंडे' असे लिहून आकडा टाकला असता, तर त्या मोडवाल्याला काहीच कळले नसते. आत कोणते घड्याळ आहे हे बातमीदाराने लिहिले, सोबत छायाचित्र दिले, म्हणून ते ओळखू आले.

आपल्याकडे अशी वस्तू कुठून येणार असे कोणी म्हणेल. झार दुसरा निकोलस युवराज असताना १८९० च्या डिसेंबरात 'पाम्यात अझोवा' या युद्धनौकेवरून मुंबईला उतरला होता. धाकटा भाऊ गिओर्गी सोबत होता, तो आजारी पडून इथूनच परत फिरला. त्याच नौकेची इवलीशी सोन्याची प्रतिकृती असलेले अंडे फॅबर्जेने १८९१ मध्ये बनवले, ते आज क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात आहे. राजघराण्यांचे दौरे भेटी दिल्याशिवाय होत नसत. शिवाय माझ्या गिऱ्हाइकासारखी रशियात शिकून, राहून आलेली माणसे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. एखाद्या जुन्या वाड्यातल्या किंवा सदनिकेतल्या डब्यात अशी वस्तू असणे मुळीच अशक्य नाही.

आणि गरुड नसला तरी काय? माझे वडील गिरणीत जॉबर होते. निवृत्तीला त्यांना खिशातले घड्याळ मिळाले, मागच्या झाकणाच्या आत त्यांचे नाव, खाते आणि 'प्रामाणिक सेवेबद्दल' ही अक्षरे. ते वारल्यावर आईने ते एका पेढीवर उजळायला दिले. चांगल्या मनाने दिले, नातवाच्या मुंजीत द्यायचे होते. पेढीवाल्याने आतून-बाहेरून बफ मारून लख्ख करून दिले. घरी आणून झाकण उघडले तर आत आरसा. आईने पदराने ते पुन्हा पुन्हा पुसले, जणू पुसल्यावर अक्षरे वर येतील. तेव्हापासून माझ्या दुकानात कोरीव मजकुरावर पॉलिशचे चाक कधी चालले नाही. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी नाही.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. घरी असे बक्षिसाचे घड्याळ असेल, मग ते रशियाच्या दरबाराचे असो, रेल्वेचे असो की गिरणीचे, तर त्याला पॉलिश लावू नये, आतल्या झाकणाची दोन छायाचित्रे काढावीत, आणि ते कोणाला, कधी, कशाबद्दल मिळाले ते ज्याला माहीत आहे त्याच्याकडून आजच कागदावर लिहून घ्यावे. कागद घड्याळाच्या पेटीत ठेवू नये, दुसरीकडे ठेवावा. एवढे चार ओळींत पुरवणीच्या कोपऱ्यात छापलेत तरी पुष्कळ.

दुसरी विनंती त्या छायाचित्रातल्या घड्याळाविषयी. तुमच्या बातमीदाराने लिलावगृहाशी पत्रव्यवहार केलेला दिसतो. त्यांना पुन्हा एकदा लिहून मागचे झाकण आणि त्याच्या आतले झाकण उघडलेले छायाचित्र मागवता येईल का? अक्षरे रशियन असतील, वाचून देणारी माणसे पुण्या-मुंबईत मिळतील. नाव मिळाले तर ते पुढच्या रविवारी छापा, गरुडाच्या शेजारीच.

आपला,
एक निवृत्त घड्याळजी
गणपती पेठ, सांगली